परवानगी का गेली, हे वेबपानाला कळावे का?

गोदाकाठ :
निफाडच्या द्राक्षबागायतदारांसाठी आम्ही नाशिकमध्ये एक वेबपान तयार केले आहे. फोन हातात घेऊन बांधावरून चालले की प्लॉटची हद्द नकाशावर उमटते. चालता चालता व्यापाऱ्याचा फोन आला, पान मागे पडले आणि ‘फक्त या वेळेपुरती’ दिलेली स्थानाची परवानगी ब्राउझरने परत घेतली, तर पुन्हा परवानगी मिळेपर्यंतचा बांध सुटतो, तेथे सरळ रेघ ओढली जाते आणि विहिरीचा कोपरा प्लॉटबाहेर पडतो. वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या जेनेरिक सेन्सर एपीआयनुसार (पानांनी फोनमधील सेन्सर कसे वापरावेत याचे प्रमाणक) परवानगी गेली की चालू सेन्सर थांबवून ‘नॉटअलाउडएरर’ (‘परवानगी नाही’ ही त्रुटी) कळवायचा असतो, पण सुरुवातीलाच नकार मिळाला तरी हीच त्रुटी येते. परवानगी वापरकर्त्याने काढली की तिची मुदत संपली, हे प्रमाणकाने वेगळे सांगायला हवे.

पंचवटीकर :
मुळीच नको. कारण कळले की पाने गळ घालू लागतात, आणि परवानगी काढणाऱ्याला तेच तर टाळायचे असते. एक तरी बिंदू मिळाल्यानंतर नकार आला, तर परवानगी मध्येच गेली हे उघड आहे. शिवाय पानाला परवानगीची अवस्था कळवणाऱ्या परमिशन्स एपीआयचा ‘चेंज’ इव्हेंट, म्हणजे बदलाची सूचना, नवी अवस्थाही सांगतो. राहिली सरळ रेघ, तर ती तुमच्याच कोडने ओढली आहे.

गोदाकाठ :
रेघेबद्दल वाद नाही. पण मुदत संपली किंवा वापरकर्त्याने परवानगी मूळपदावर आणली, तरी अवस्था ‘प्रॉम्प्ट’च (पुन्हा विचारावे लागेल अशी) होते. पडद्यावर ‘तुम्ही परवानगी काढली’ असे दिसले की शेतकरी विचारतो, “मी कुठे काय केलं?”

बागलाणी :
मग त्याच्यावर ठपका ठेवणारे वाक्य लिहूच नये. ‘स्थान मिळणे थांबले आहे, पुढे मोजण्यासाठी येथे दाबा’ एवढे पुरते, आणि त्यासाठी कारण लागत नाही. माझी तक्रार दोघांपेक्षा वेगळी आहे. जेनेरिक सेन्सर निदान त्रुटी तरी देतो. फोन कोणत्या दिशेला वळला आहे ते सांगणाऱ्या जुन्या ‘डिव्हाइसओरिएंटेशन’ला त्रुटीचा इव्हेंटच नाही. आयओएस 13 पासून, म्हणजे 2019 पासून, सफारीत त्यासाठी परवानगी मागावी लागते, पण दिशेत लक्षणीय बदल झाला तरच दिशेचा इव्हेंट येत असल्याने, फोन नुसता बांधावर ठेवला आहे की परवानगी गेली आहे, हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही.

पंचवटीकर :
हे मात्र पटले. थांबल्याचे कळवावे, का थांबले ते नको.

गोदाकाठ :
मुदतीबाबत माझा आग्रह कायम आहे, कारण तो निर्णय माणसाचा नसून ब्राउझरचा असतो.