मदत हवी आहे: अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस कुठे आणि कुठल्या क्रमाने बघू?

मंडळी, जरा मदत करा. बीबीसीची १९९२ ची 'अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस' ही विनोदी मालिका कोणी पूर्ण बघितलीये का? मी तुकड्या-तुकड्यांत थोडे एपिसोड बघितले आणि पार वेडी झालेय! लंडनमधली एडिना, स्वतःची पीआर एजन्सी, पण कामाच्या नावाने बोंब, दिवसभर मैत्रीण पॅट्सीबरोबर शॅम्पेन आणि शॉपिंग, आणि पोरगी सॅफ्रॉन बिचारी साधा कार्डिगन घालून किचनमध्ये अभ्यास करत बसलेली, आई पिऊन घरी आली की हीच तिला झापणार. मला सगळ्यात भारी पॅट्सी वाटते, ती सॅफ्रॉनचा जो मनापासून राग राग करते ना, तोड नाही. (ते काम करणाऱ्या जोआना लमली यांचा जन्म श्रीनगरचा बरं का.) एडिना झालेल्या जेनिफर सॉन्डर्सनेच लिहिलंय सगळं.

तर प्रश्न असा की पहिले तीन सीझन ९५ पर्यंत झाले, मग ९६ चा स्पेशल, मग एकदम २००१ ला चौथा, पुढे अजून स्पेशल आणि २०१६ चा सिनेमा, हे सगळं ओळीने बघायलाच हवं का मधलं काही सोडलं तरी चालेल? आणि भारतात सध्या कुठे दिसतं, सबटायटल्ससकट? त्यांचं बोलणं इतकं फास्ट आहे की अर्धे जोक डोक्यावरून जातात. पायरेटेड लिंक नकोत प्लीज, पैसे भरायची तयारी आहे.

आणि मराठीत अशी बेजबाबदार आई नि शहाणी मुलगी असलेली मालिका किंवा नाटक आठवत असेल तर तेही सांगा.