कसब्याचा कौल आणि मतविभागणी

पुण्यातील कसबा पेठ मतदारसंघ २०२३ च्या पोटनिवडणुकीपर्यंत भाजपने कधीच गमावला नव्हता, असे म्हटले जाते. ते मला मान्य नाही. १९९१ मध्ये येथील भाजपचे आमदार अण्णा जोशी लोकसभेवर निवडून गेल्यामुळे येथे पोटनिवडणूक झाली आणि तीत काँग्रेसचे वसंत थोरात यांनी भाजपचे गिरीश बापट यांचा पराभव केला होता. त्यानंतर मात्र १९९५ पासून २०१४ पर्यंत बापट सलग पाच वेळा विजयी झाले.

या पाचांपैकी २००९ ची लढत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच्या त्या पहिल्या निवडणुकीत मनसेचे रवींद्र धंगेकर दुसऱ्या आणि काँग्रेसचे रोहित टिळक तिसऱ्या क्रमांकावर राहिले, आणि या दोघांच्या मतांची बेरीज बापटांच्या मतांपेक्षा बरीच अधिक होती. म्हणजे 'बालेकिल्ला' हा शब्द आपण ज्या काळाबद्दल सर्रास वापरतो, त्या काळातही विरोधी मते थोडी नव्हती. ती विभागलेली होती. येथील भाजपच्या आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर २०२३ मध्ये तेच धंगेकर काँग्रेसकडून उभे राहिले आणि महाविकास आघाडीमुळे लढत सरळ झाली, तेव्हा त्यांनी भाजपचे हेमंत रासने यांना दहा हजारांहून अधिक मतांनी हरवले.

अर्थात मतविभागणी हे एकच कारण पुरेसे नाही, कारण २०२४ मध्ये रासने यांनी धंगेकरांवर त्याहून मोठ्या फरकाने विजय मिळवला.