फिरतीची नोकरी आणि चालू बांधकाम: तुमचं कसं निभावलं?

कराडजवळ आमच्या प्लॉटवर जोतं झालंय, कॉलम वर यायला लागलेत. मी औषध कंपनीत एमआर, निम्मा महिना सांगली-कोल्हापूर-बेळगाव. बायको बँकेत, मार्च संपल्याशिवाय तिला सुट्टी नाही. मुकादम रोज फोनवर सांगतो, "चालू आहे साहेब." नेमकं काय चालू आहे, हे तिथं गेल्याशिवाय समजत नाही.

ज्यांनी नोकरी आणि बाहेरगावची कामं सांभाळून घर बांधलं, त्यांनी लिहा. साइटवर कोण उभं राहिलं? पैसे कसे सोडले? गाडी कुठे अडली? दर नकोत, ते सहा महिन्यांत शिळे होतात. आणि 'घर पाहावं बांधून' ही म्हण कृपया कोणी लिहू नका, भूमिपूजनाला आलेला प्रत्येक काका ती ऐकवून गेलाय.

बोटीवाल्याची बायको

मालवण तालुका. नवरा मर्चंट नेव्हीत. भूमिपूजनाला होता, नंतर थेट वास्तुशांतीला. मधलं सगळं मी, शाळेची नोकरी करून.

आमच्याकडे भिंती चिऱ्याच्या. खाणीतून काढलेला जांभा सुरुवातीला मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. म्हणून सासऱ्यांनी चिरे आधीच आणून आवारात रचून ठेवायला लावले. ठिसूळ नग तिथेच बाजूला काढता आले. दुसरं त्यांचं म्हणणं, जोतं पावसाआधी भरून ठेवा. सगळा पावसाळा आतली भर दबत गेली, ऑक्टोबरात पुन्हा माती टाकून धुम्मस केलं, मग कोबा. शेजाऱ्यांनी घाईत एप्रिल-मेमध्येच सगळं उरकलं. त्यांच्या पडवीची फरशी पहिल्याच पावसात खचली.

गवंडी मला अदबीने 'वैनी' म्हणायचे आणि निर्णय विचारायला दिराला फोन लावायचे. दीर डोंबिवलीत! खिडकी किती उंचीवर घ्यायची हे डोंबिवलीहून ठरायचं. मग शनिवारची मजुरी मी स्वतःच्या हाताने द्यायला लागले. पुढच्या सोमवारपासून सगळे प्रश्न माझ्याकडे. एमआर साहेब, बायकोच्या हातात नुसत्या किल्ल्या देऊ नका, पैशाचा व्यवहारही द्या.

मुक्कामी गाडी

मी एसटीत कंडक्टर. कर्ज नको होतं म्हणून एकेक खोली करत गेलो. ड्युटी लावून घेतली ती आमच्याच बाजूच्या मुक्कामी गाडीवर. रात्री गावात पोचायचो, बॅटरी घेऊन भिंत बघायचो, पहाटे गाडी काढायच्या आधी पाणी मारायचो. ड्रायव्हर पण बादली धरायचा.

टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्यांना एकच सांगतो. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या सोडता ना, त्या तशाच उघड्या ठेवू नका. पावसात गंजून खपल्या निघतात. सिमेंटचं घट्ट पाणी फासा किंवा कच्च्या काँक्रीटने झाका, पुढे काम काढलं की फोडून टाकता येतं.

मस्कतहून

वडिलोपार्जित जमीन नगर जिल्ह्यात, सातबाऱ्यावर माझं नाव वारसाने लागलेलं. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. घरासाठी मात्र ती अकृषिक करून घ्यावी लागली, त्यात बरेच महिने गेले. कागदपत्रांसाठी वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र केलं. इथल्या भारतीय दूतावासात साक्षांकन करून पाठवायचं असतं. पुढची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमच्या ओळखीत एकांचं पत्र कपाटात राहिलं आणि मुदत गेली. सगळं पहिल्यापासून.

आता खरं दुखणं. व्हिडिओ कॉलवर स्लॅब नेहमी ओला दिसायचा. मी निर्धास्त. मग एकदा चुलतबहीण सहज दुपारी गेली. तिने मला न सांगता मोबाइल स्लॅबच्या कडेला आणि बीमच्या बाजूला फिरवला. कोरडं ठणठणीत, स्लॅबवर पाणी साठवायला घातलेली आळी फुटलेली, कॉलमची गोणपाटं उन्हात कडक झालेली. माझ्या फोनची वेळ ठरलेली, त्यामुळे पाणी मारायची वेळही ठरलेली! तेव्हापासून कॉल अवेळी करायला लागलो आणि कॅमेरा आधी कडांवर न्यायला सांगायचो. मधोमध पाणी दिसतंच, कडा खरं बोलतात.

वडिलांनी परस्पर स्वयंपाकघर आग्नेयेला हलवलं, तो वेगळाच अध्याय. ड्रेनेजची लाइन तोवर दुसऱ्या बाजूला पडलेली होती. त्यांच्याशी वाद घालायला ओमानहून फोन करणं परवडत नाही.

धागाकर्ता

अवेळी कॉलची कल्पना उचलली. आजच लावला. मुकादम जेवत होता, रागावला.

महामार्गावरचा

मी सिव्हिल इंजिनिअर, रस्त्यांच्या कामावर विदर्भात. घर नाशिकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, दुसऱ्यांच्या काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) तपासत होतो आणि माझ्या स्लॅबला मी नव्हतो. तुमचा स्लॅब अजून व्हायचाय म्हणून सविस्तर लिहितो.

स्लॅबच्या दिवशी रजा टाकाच. बाकी कुठल्या दिवशी नसलात तरी चालेल. आणि आदल्या संध्याकाळी पोचा, कारण सळई तपासायची ती तेव्हाच. सकाळी मिक्सर सुरू झाला, वडे-जिलेबी आली, की कोणी तुमचं ऐकत नाही. बघायचं काय? खालच्या सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला उचलून धरणारे ठोकळे, आहेत का (स्लॅबला 20 मिमी, बीमला 25, कॉलमला 40). त्याजागी खडी किंवा फरशीचे तुकडे सरकवलेले असतील तर काढायला लावा. कॉलम-बीमच्या रिंगांचे हूक आत वळवलेले हवेत, नुसते काटकोनात दुमडलेले नकोत. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माणसं तिच्यावरून चालून ती खाली दाबतात, त्यामुळे चालायला फळ्या टाकून घ्या.

माल ओतताना भांडण पाण्यावरून होतं. माल घट्ट असला की ओढायला जड, म्हणून मिक्सरवाला पाइप सोडतो. पाणी वाढलं की ताकद गेली. माल नीट बसवायला व्हायब्रेटर दोन मागवा, एक हमखास बंद पडतो.

सगळ्यात जास्त लक्ष नंतर ठेवायचं. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात, तो घाई करणारच. आयएस 456 (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. बीमला सहा मीटरपर्यंत 14, पुढे 21. आपल्याकडे बहुतेक गोणी पीपीसीच्या (राख मिसळलेल्या सिमेंटच्या) असतात, त्यांना जास्तच वेळ द्या. पाणीही पीपीसीला निदान 10 दिवस, कडक उन्हाळ्यात 14. प्लेटा कधी काढायच्या ते करारातच लिहा. 'इंजिनिअरने सांगितल्यावर' एवढं एक वाक्य पुरतं. माझ्या घरी ते लिहिलेलं नव्हतं. मी चंद्रपूरला असताना हॉलखालचे टेकू निघाले, आणि मेहुण्याने उभं राहून ते पुन्हा लावून घेतले. गावातला मेहुणा ही फार उपयोगी वस्तू आहे.

ऑडिटवाली

शाखा तपासणीसाठी सतत बाहेर. माझं थोडकंच. कर्जाचा हप्ता बँक टप्प्यानेच सोडते: जोतं, स्लॅब, विटकाम, प्लास्टर. प्रत्येक टप्प्याला त्यांचा माणूस बघून जातो. तो येईल त्या दिवशी मी गावात नसायचे आणि काम थांबायचं, मजूर दुसरीकडे जायचे. एक टप्पा पुढचा पैसा हातात असेल तरच सुरुवात करा. बांधकाम चालू असताना उचललेल्या रकमेचं व्याज आणि राहत्या घराचं भाडं दोन्ही चालू राहतं, याचा हिशेब आधी मांडा. जुन्या करप्रणालीत असाल तर हेही बघा: कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही, तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट दोन लाखांवरून तीस हजारांवर येते. रेंगाळलेल्या बांधकामाचा हा खर्च कोणी सांगत नाही.

बार्शीची, सध्या पुण्यात

माझं मत जरा वेगळं आहे. सगळ्यांनी साइटवर उभंच राहायला हवं असं काही नाही. मी आयटीत, मध्येच परदेशी जावं लागायचं, आईबाबा थकलेले. काम मालासकट दिलं. लोकांनी वेड्यात काढलं, की कंत्राटदार लुबाडेल. पण मजुरीवर काम देऊन सिमेंट, वाळू, टँकर यांच्यामागे धावायला माझ्याकडे कोण होतं? बार्शीत उन्हाळ्यात टँकर मिळवणं ही स्वतंत्र नोकरी आहे.

करारात सळईचा दर्जा, सिमेंटचा प्रकार, वायरचा ब्रँड, नळाची तोटीसुद्धा लिहिली. पैसे तारखेवर नाही, कामाच्या टप्प्यावर. पाच टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवले. आणि कंत्राटदाराशी संबंध नसलेली, सिव्हिल डिप्लोमा केलेली एक मुलगी महिन्याच्या पगारावर ठेवली. रोज एक फेरी.

बोटीवाल्याची बायको

ताई, म्हणजे उभं कोणीतरी राहिलंच की!

बार्शीची, सध्या पुण्यात

राहिलं, पण मी नाही, एवढंच म्हणणं. ती रोज वापरून झालेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोणी मोजायची आणि आकडा वहीत लिहून मला पाठवायची. कॉलमच्या दिवशी एकदा गोणी हिशेबापेक्षा कमी निघाल्या. तिने तिथल्या तिथे काम थांबवलं आणि मला कळवलं. मी तेव्हा विमानात होते. उतरेपर्यंत कंत्राटदार तिची माफी मागून उरलेल्या गोणी घेऊन आला होता. पगार किती द्यायचा ते एमआर साहेबांनी विचारलं तर सांगेन, इथे दर नकोत ना!