चिऱ्याच्या बाहेरच्या पायऱ्यांना लाकडी कठडा: खांब गाडायचे की बोल्टवर उभे करायचे?

शेवाळी_पायरी:
घर रत्नागिरीजवळ, समुद्र दोनेक किलोमीटरवर. अंगणातून रस्त्याकडे उतरणाऱ्या ९ पायऱ्या, सगळ्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चढ साडेसहा इंच, पाय ठेवायला ११ इंच, रुंदी ४ फूट. डावीकडे चिऱ्याची भिंत आहे. उजवी बाजू उघडी असून वरच्या टोकाला खाली जवळपास पाच फूट खोल आहे. जुन्या घराचे ३ बाय ४ इंची सागवानी वासे पडून आहेत, त्यांचाच कठडा करायचा आहे. सुतार म्हणतात, खांबांच्या टोकांना डांबर फासून पायरीत फूटभर गाडू आणि सिमेंट ओतू. ते टिकेल का? आणि खांब किती लागतील?

जुना_रंधा:
गाडू नका. डांबर लावलं तरी नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सिमेंट आणि खांब यांच्यात केसाएवढी फट पडते, पावसात तिच्यात पाणी जातं आणि तिथंच राहतं. खांब कुजतो तो जमिनीच्या रेषेवर. वरून तो ठणठणीत दिसतो, त्यामुळे पत्ता लागतो तो कुणीतरी जोरात टेकल्यावरच. वाळवीलाही तो थेट जिना होतो.

लांबीचा हिशेब असा. पहिल्या पायरीच्या नाकापासून (पुढच्या कडेपासून) शेवटच्या नाकापर्यंत आडवे ८८ इंच, उभे ५२ इंच, म्हणजे तिरपे १०२ इंच, साडेआठ फूट. दोन्ही टोकांना एकेक फूट पुढे काढा, कारण तोल जातो तो पहिल्या आणि शेवटच्या पावलाला. वरचा दांडा साडेदहा फूट झाला. खांब तीन, पहिल्या, पाचव्या आणि नवव्या पायरीवर. तिरपं अंतर सव्वाचार फूट येतं. याहून लांब ठेवलं तर दांडा हाताखाली लवचिक वाटतो.

उंची पायरीच्या नाकापासून सरळ उभी ३ फूट. वासे रंधून खांब ३ बाय ३ चे करा, पण आधी जुने खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. बाहेरचा पांढरा भाग असेल तो तासून टाका, कीड तिथूनच सुरू होते. दांडा मुठीत मावला पाहिजे: दीड ते दोन इंच जाडी, वरची बाजू गोल. सपाट ३ इंची पट्टीवर पंजा टेकतो, पण घसरताना पकडता येत नाही.

कोन मोजू नका. पायऱ्यांच्या नाकांवर सरळ फळी ठेवा, खांब ओळंब्यात उभे धरा, फळीला समांतर रेघ खांबांवर मारा आणि तिथंच कापा.

चिरेखाण:
वरचं सगळं बरोबर. पण खरी अडचण चिऱ्याची आहे. ठोकून फुगणारे अँकर बोल्ट काँक्रीटसाठी असतात. चिऱ्यात ते भोकाची कड चुरतात आणि महिनाभरात हलायला लागतात. गणित करून पहा: ३ फुटांवर ५० किलोचा आडवा रेटा बसला आणि खांबाखालच्या धातूच्या तळपट्टीच्या बोल्टांत ४ इंच अंतर असलं, तर एका बाजूच्या बोल्टांवर साधारण ४५० किलोची ओढ येते. चिरा ती घेत नाही.

म्हणून खांबाच्या जागी ९ बाय ९ इंच, १४ इंच खोल खड्डा काढा, तळाला थोडा रुंद. पायरीच्या बाहेरच्या कडेचा निदान ४ इंच चिरा शाबूत राहू दे. खड्डा पाण्याने भिजवून १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. तिन्हींना मिळून अर्धी गोणी सिमेंट लागेल. ओलं असतानाच १२ मिलिमीटरचे, खाली वाकवलेले चार आटेदार गज त्यात सोडा. तळपट्टीच्याच भोकांचा प्लायवूडचा साचा करून गज त्यात धरा, नंतर भोकं जुळत नाहीत म्हणून ग्राइंडर काढायची वेळ येऊ नये. आठवडाभर पाणी मारा, मग वरचं काम.

खांब उभा राहतो धातूच्या यू आकाराच्या बुटात: ६ मिलिमीटर पट्टी, तळपट्टी ६ बाय ६ इंच. खांबाचं बूड जमिनीपासून एक इंच वर हवं आणि बुटाच्या तळाला पाणी जायला भोक हवं. हे भोक फॅब्रिकेटर नेहमी विसरतात. वेल्डिंग आधी, गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) नंतर. उलट केलंत तर वेल्डच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं.

खारा_वारा:
समुद्र दोन किलोमीटरवर असेल तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग येतात. ३१६ घ्या, किंवा सगळंच हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं). दोन्हींची सरमिसळ नको, मिठाच्या हवेत जस्त लवकर खाल्लं जातं. साधं लोखंड सागात लावलंत तर भोकाभोवती काळे ओघळ उतरतील.

बुटातून खांबाला १० मिलिमीटरचे दोन बोल्ट, पण एकाच उभ्या रेषेत नको, तिथं खांब फाटतो. भोक ११ चं पाडा. ३ इंची सागवान कोरड्या दिवसांतून भर पावसात जाताना साधारण एक मिलिमीटर फुगतं. त्यामुळे एप्रिलमध्ये आवळलेले बोल्ट पुढच्या उन्हाळ्यात सैल सापडतात; पाना फिरवायची ती एक वेळ ठरवून ठेवा.

दांड्याला वरून खिळा किंवा स्क्रू अजिबात नको. खांबाच्या डोक्यावर पट्टी बसवून खालून स्क्रू मारा. १० नंबरच्या स्क्रूला साडेतीन मिलिमीटरचं भोक, आट्यांना मेण. पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, नाहीतर पितळ मानेत तुटतं.

शेवाळी_पायरी:
मनापासून आभार. भिंतीकडच्या बाजूला नुसता दांडा चालेल? आणि पॉलिश कोणतं?

जुना_रंधा:
चालेल. भिंत आणि दांडा यांच्यात २ इंच मोकळे ठेवा, बोटं खरचटत नाहीत. टोकं भिंतीकडे वळवून संपवा, पदर-ओढणी अडकत नाही. ब्रॅकेट चिऱ्याच्या पोटात, सांध्यात नाही. जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनात धरलेला बोल्ट) वापरा आणि भोकातली भुकटी ब्रशने व फुंकून पूर्ण काढा, नाहीतर रसायन भुकटीलाच चिकटतं.

उघड्या बाजूला मात्र नुसता दांडा नको. खाली पाच फूट खोल आहे, उभ्या पट्ट्या घाला, मधली फट ४ इंचांपेक्षा कमी.

चकाकणारं पॉलिश टाळा. उन्हात तडकतं, मग पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि सगळं खरवडावं लागतं. टीक ऑइल जोडणीच्या आधीच लावा, कापलेल्या टोकांना तीन-चार हात. पुढे दरवर्षी मे महिन्यात एक हात.