पणजोबांच्या मागे कसे जायचे?

प्रश्न (करवीरकर): बीबीसीवर 2004 साली सुरू झालेल्या 'हू डू यू थिंक यू आर?' या वंशशोधाच्या कार्यक्रमाचे काही भाग नुकतेच पाहिले. 2016च्या एका भागात डॅनी डायर या लंडनच्या नटाचे मूळ थेट राजा तिसरा एडवर्ड याच्यापर्यंत जाऊन भिडते. आमची वंशावळ मात्र पणजोबांपाशीच थांबते. मूळ गाव करवीर तालुक्यातले, कुलदैवत जोतिबा (ते तर निम्म्या जिल्ह्याचे!), याहून अधिक काही ठाऊक नाही. सुरुवात कोठून करावी?

जुना दप्तरी: ती पद्धत येथे जशीच्या तशी चालणार नाही. इंग्लंडमध्ये 1837पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि खानेसुमारीचे घरोघरचे तक्ते 100 वर्षांनी खुले होतात. आपल्याकडे ते कायद्याने गोपनीयच राहतात. आपला माणूस सापडतो तो जमिनीच्या कागदात. तहसील कार्यालयात जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही), मागावे. वारस नोंदीत मयताखाली मुलांची नावे ओळीने सापडतात. संस्थानकाळासाठी कोल्हापूर पुरालेखागार आहे, परंतु तेथे मोडी वाचणारा सोबत हवा.

पंचगंगाकाठ: गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी चोपडीत राखणाऱ्या हेळव्यांना विसरू नका. आमच्या गावी सुगीनंतर येणाऱ्या हेळव्याने सोप्यात घोंगड्यावर बसून, चोपडी उघडण्याआधीच, आजोबांच्या चुलत्यांची नावे घडाघडा सांगितली. त्यांतला एक निपुत्रिक असल्याचे आम्ही समजत होतो, त्याला दोन मुलगे निघाले. लेकींची नावे मात्र त्या चोपडीत नव्हती. ती आजीने सांगितली आणि मी वेगळी लिहून ठेवली.

जुना दप्तरी: चोपडीतले नाव फेरफाराशी ताडून पाहावे, आणि दत्तक तपासावे. स्वतः शाहू महाराज 1884 साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले होते. अशा ठिकाणी कागदाचा वंश एक आणि रक्ताचा दुसरा असतो. राजाचे म्हणाल, तर पूर्वज दर पिढीला दुप्पट होत जातात आणि 20 पिढ्यांमागे हिशेबाने 10 लाखांवर जातात. तेव्हा त्यांत एखादा राजा निघणे नवलाचे नाही; डायरच्या बाबतीत सगळे दुवे कागदावर दाखवता आले, हे खरे दुर्मिळ.

करवीरकर: आभारी आहे. सोमवारी नमुना 14साठी अर्ज देतो. काल थोरल्या आत्यांना विचारले, तेव्हा पणजीचे माहेर कसबा बावड्याचे असल्याचे प्रथमच समजले. आजवर आम्ही कोणी ते विचारलेच नव्हते.