तीच ओळ तीनदा

'टिटो (युगोस्लाव्हियाचा दीर्घकाळचा कम्युनिस्ट नेता) आणि १९९१ नंतर देश फुटताना झालेली युद्धं वाचली की युगोस्लाव्हिया समजला' हे मला अजिबात पटत नाही. भाषेत शिरल्याशिवाय तिथलं राजकारण हाती लागत नाही. पूर्वी युगोस्लाव्हियाचा भाग असलेल्या बोस्नियातलं सिगारेटचं पाकीट बघा. 'धूम्रपान जीव घेतं' हा इशारा त्यावर तीनदा, बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन भाषेत. दोन ओळी अक्षरशः सारख्या, तिसरीतही शब्द तेच, फक्त लिपी सिरिलिक, म्हणजे रशियनसारखी! टिटोच्या काळात ही एकच भाषा मानून तिला सर्बो-क्रोएशियन म्हणायचे. बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराच्या मात्र तिन्ही भाषांत वेगळ्या प्रती झाल्या. आणि पावाला कुणी क्रोएशियन 'क्रुह' म्हणतं की सर्बियन 'ह्लेब', एवढ्यावरून समोरचा माणूस कुठल्या बाजूचा याचा अंदाज बांधला जातो. अभ्यास इथून सुरू करा, अगदी मनापासून सांगते.