[मंडळ-चर्चा] हॉल: २१ नावं रविवारपर्यंत हवीत

प्रेषक: सचिव
शुक्रवार, सकाळी ७.५०

मंडळी,
कौन्सिलच्या कॅबिनेटचा (निर्णय घेणाऱ्या मोजक्या कौन्सिलरांच्या गटाचा) अजेंडा बुधवारी रात्री लागला. आपण कार्यक्रम करतो तो कौन्सिलचा हॉल आयटम ११ वर आहे, बैठक गुरुवारी. अख्खा रिपोर्ट वाचायचा कंटाळा असेल तर निदान परिच्छेद ६ वाचा. हॉल १५ वर्षांच्या लीजवर ऑपरेटरकडे, 'लवचिक वापरा'साठी. म्हणजे जिम आणि कॅफे. बाहेरच्या संस्थांची बुकिंग 'ऑपरेटरच्या मर्जीनुसार'.

हॉलला 'ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू'च्या यादीत (इंग्लंडमध्ये विक्रीआधी स्थानिक संस्थांना बोलीची संधी मिळते अशा जागांच्या यादीत) घालण्यासाठी अर्ज करतोय. आपलं मंडळ कंपनी वगैरे नसून नुसतीच संघटना असल्याने मतदारयादीत नाव असलेले किमान २१ सभासद दाखवावे लागतात. नाव आणि पत्ता मला एकट्याला पाठवा, कृपया लिस्टवर टाकू नका. आत्तापर्यंत १३ झालेत.

प्रेषक: कोषाध्यक्ष
शुक्रवार, सकाळी ९.१५

१३च कसे? वर्गणी तर १४० जणांची जमा आहे.

प्रेषक: सचिव
शुक्रवार, सकाळी ९.४०

निम्मे नदीपलीकडच्या कौन्सिलमध्ये राहतात. उरलेल्यांतले बरेच व्हिसावर आहेत, त्यांना मत कुठलं?

प्रेषक: सभासद नोंदणी
शुक्रवार, दुपारी १२.०५

सचिव, दोन्ही कारणं बाद. या यादीच्या २०१२ च्या नियमांत 'या किंवा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीतले मतदार' असं आहे, आणि नदीपलीकडची कौन्सिल हद्दीला लागूनच आहे.

व्हिसावाल्यांचं म्हणाल तर भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये मोडतात. इथे राहण्याची वैध परवानगी असेल तर त्यांना मतदार म्हणून नोंद करता येते, कौन्सिललाही आणि पार्लमेंटलाही. फॉर्म ऑनलाइन आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मात्र यादी साधारण महिन्यातून एकदा सुधारते, आज फॉर्म भरलेल्याचं नाव रविवारी दिसणार नाही. 'ओपन रजिस्टर'मधून (कोणालाही विकत मिळणाऱ्या यादीतून) नाव काढून घेतलेल्यांनी घाबरू नये. ती यादी वेगळी, मूळ यादीत नाव असतंच.

प्रेषक: नाट्यविभाग
शुक्रवार, दुपारी १.३०

वॉर्डच्या कौन्सिलरबाईंना मी सकाळीच लिहिलंय.

आता नकाशा. परिशिष्ट ब मोठं करून बघा. रंगमंचाच्या डाव्या अंगाचं दार, ज्यातून आपण नेपथ्याचे फ्लॅट (चौकटी) आत घेतो, तिथे 'स्टोअर' लिहिलंय. फ्लॅट आम्ही पुढच्या दाराने वाकडेतिकडे करून आणू एकवेळ. प्रश्न खुर्च्यांचा आहे. 'अप्रूव्हड डॉक्युमेंट बी' या अग्निसुरक्षेच्या सरकारी मार्गदर्शिकेतला हिशेब असा: आगीमुळे एक दार निकामी झालं असं धरायचं आणि उरलेल्या दारांवर माणसं मोजायची. १०५० मिलिमीटर रुंदीच्या दाराला २२० माणसं. आज तशी तीन दारं आहेत, म्हणजे दोन दारांची ४४०. स्टोअर झालं की हिशेबाला एकच दार उरतं: २२०. गणपतीला आपण ३२० खुर्च्या मांडतो.

रिपोर्टमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. उलट 'क्षमतेवर परिणाम नाही' असं परिच्छेद ९ म्हणतो.

प्रेषक: सभागृह समिती
शुक्रवार, दुपारी २.१०

कौन्सिलरना मंडळाच्या नावाने पत्र गेलं का? तसं असेल तर ते समितीमार्फत जायला हवं होतं. बुकिंग आणि कौन्सिल हे दोन्ही विषय आमच्याकडे आहेत, सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे. शिवाय त्या बाईंनी आत्ताच 'मी तुमच्या बाजूने' असं लिहून दिलं तर पुढे त्यांना त्या विषयावर मतदानच करता येणार नाही. नसती आफत.

प्रेषक: नाट्यविभाग
शुक्रवार, दुपारी २.२५

पत्र माझ्या नावाने गेलंय, मंडळाच्या नाही. आणि मत आधी बोलून दाखवलं म्हणून कौन्सिलर बाद होत नाही, लोकलिझम ॲक्ट २०११ चं कलम २५ त्यासाठीच आहे. तसंही त्या कॅबिनेटवर नाहीत, गुरुवारी मत देणारच नाहीत. निर्णय झाल्यावर तो स्क्रूटिनीकडे, म्हणजे कॅबिनेटचे निर्णय तपासणाऱ्या समितीकडे, खेचायला (कॉल-इन) मात्र त्यांच्यासारख्यांच्याच सह्या लागतात. म्हणून आधी लिहिलं.

प्रेषक: सभागृह समिती
शुक्रवार, दुपारी २.४०

तरी समितीला प्रत यायला हवी होती.

प्रेषक: माजी सचिव
शुक्रवार, रात्री १०.२०

२१ नावं जमवा, पण गुरुवारसाठी त्यांचा उपयोग शून्य आहे.

एक, अर्जावर निर्णय द्यायला कौन्सिलला ८ आठवडे मिळतात. दोन, आणि हे महत्त्वाचं: उद्या हॉल यादीत गेला तरी स्थानिकांना बोली लावता यावी म्हणून व्यवहार ६ महिने थांबतो तो केव्हा? रिकाम्या ताब्यासह मालकी विकताना किंवा किमान २५ वर्षांचं लीज देताना. इथे लीज १५ वर्षांचं आहे. ते यादीला वळसा घालून निघून जातं. आकडा मुद्दाम निवडलाय की नाही यावर वाद घालण्यात रात्र घालवू नका.

'कायद्याने आम्हाला जास्तीत जास्त भाडं घ्यावंच लागतं' हे वाक्य अधिकारी हमखास टाकतील. ७ वर्षांपेक्षा मोठ्या लीजला १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टचं कलम १२३ (जागा उत्तम भावाखाली देऊ नये) लागतं, हे खरं. पण सरकारने २००३ मध्ये दिलेल्या सर्वसाधारण संमतीप्रमाणे परिसराचं सामाजिक हित होत असेल तर २० लाख पौंडांपर्यंतची सूट कौन्सिलला वेगळी परवानगी न घेता देता येते. म्हणजे लोकांसाठी अटी घातल्या, त्याने भाडं कमी आलं, तरी चालतं. हे ज्याला बोलायचंय त्याने पाठ करावं.

मागायचं काय? 'आमचा हॉल वाचवा' नको. त्यावर अध्यक्ष मान डोलावतात आणि पुढचा आयटम घेतात. लीजच्या परिशिष्टात शब्दशः घालायच्या अटी मागा: वर्षातले १२ शनिवार-रविवार स्थानिक संस्थांसाठी राखीव. बुकिंग १२ महिने आधी खुलं. सकाळी ९ ते रात्री ११ असा सलग स्लॉट, कारण चार-चार तासांचे तुकडे केले तर नेपथ्य लावून प्रयोग होतच नाही. आणि डाव्या अंगाचं दार बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून कायम. या अटी ऑपरेटरच्या 'धोरणा'त नकोत, लीजमध्येच हव्यात. धोरण ऑपरेटर एका बैठकीत बदलतो.

समानतेच्या परिणामांचं मूल्यमापन परिशिष्टात दिसत नाही. समानता कायदा २०१० चं कलम १४९ म्हणतं, निर्णय घेण्याआधी विचार व्हायला हवा. एका वाक्यात विचारा, तक्रारीच्या सुरात नको.

प्रेषक: कोषाध्यक्ष
शनिवार, सकाळी ८.३०

बोलणार कोण? बोलायचा सरसकट हक्क कायद्यात नाही, कौन्सिलच्या नियमावलीवर आहे. आपल्याकडे मंगळवारी दुपारी १२ पर्यंत नाव द्यायचं, एका आयटमला एका संस्थेचा एकच माणूस, तीन मिनिटं. इंग्रजीत साडेतीनशे-चारशे शब्द बसतात, वर एकही नाही. घंटा वाजली की माइक बंद.

प्रेषक: सभागृह समिती
शनिवार, सकाळी ९.००

समिती बोलेल.

प्रेषक: सचिव
शनिवार, सकाळी ९.२०

समितीने बोलावं, मसुदा माजी सचिव काकांनी करावा. नाट्यविभागाने दाराचा परिच्छेद द्यावा. २१ नावांचं चालूच राहील, पुढे कधी हॉल विकायला काढला तर कामी येईल. आता १९.

प्रेषक: सभासद नोंदणी
शनिवार, सकाळी ११.४५

दाराचा परिच्छेद लिहिण्याआधी दारं मोजा. १०५० ही मोकळी रुंदी लागते, चौकटीची नव्हे. पल्ला पूर्ण उघडून मधली जागा मोजायची. ती १०३० भरली तर त्या दाराला २२० नाहीत, ११० च. मधले आकडे धरत नाहीत, थेट ८५० च्या पायरीवर उतरतात. तसं निघालं तर आजचीच क्षमता २२० ठरेल आणि आपण कॅबिनेटपुढे आपल्याच ३२० खुर्च्यांची चुगली करून बसू.

प्रेषक: नाट्यविभाग
शनिवार, दुपारी १२.१०

अरे देवा. सोमवारी ६ नंतर केअरटेकर असतात, मेजरिंग टेप घेऊन जातो. आकडे येईपर्यंत ४४० कोणीही कुठे लिहू नका. कौन्सिलरबाईंना मी लिहून बसलोय, ते बघतो.

प्रेषक: सभागृह समिती
शनिवार, दुपारी १२.१५

त्याची प्रत पाठवा.